सीमा, संख्या आणि प्रतिनिधी : महाराष्ट्र विधानसभेच्या मतदारसंघ-रचनेचे परीक्षण

मतदारसंघ-रचनेचा आदेश हा ग्रंथ म्हणून कोणी वाचत नाही. तालुके, महसूल मंडळे, तलाठ्यांचे सजे आणि नगरपालिकांचे प्रभाग यांची ती एक रुक्ष यादी असते, आणि आपला मतदारसंघ त्यात सापडला की वाचणारा पुस्तक मिटतो. तथापि निवडणुकीच्या निकालाइतकेच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, त्या यादीने ठरविलेले असते. न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाची फेररचना १९ फेब्रुवारी २००८ पासून अमलात आली व २००९ ची विधानसभा निवडणूक तिच्या आधारे झाली. तिचे मोल ठरवावयाचे तर तिला पूर्वीच्या रचनांच्या शेजारी ठेवूनच वाचावे लागते.

१९५२ च्या मुंबई राज्याच्या विधानसभेत ३१५ जागा होत्या. विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ येऊन मिळाल्यावर १९५७ साली द्वैभाषिकाच्या विधानसभेत ३९६ सदस्य निवडून आले. १९६० च्या विभाजनात त्यांपैकी २६४ महाराष्ट्राकडे व १३२ गुजरातकडे गेले. पुढे १९६७ मध्ये महाराष्ट्राच्या जागा २७० झाल्या व १९७८ मध्ये २८८. हा आकडा त्यानंतर तीस वर्षे स्थिर राहिला, आणि २००८ च्या फेररचनेनेही तो बदलला नाही. एकूण संख्येचा हा इतिहास एवढाच आहे. खरा इतिहास संख्येच्या आत आहे.

आरंभीच्या दोन निवडणुकांत राखीव जागांसाठी द्विसदस्य मतदारसंघ होते. १९३७ साली मुंबई प्रांतात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. त्यामुळे अल्पसंख्य समाजाला आपल्या विश्वासातला माणूस निवडून आणणे शक्य होते. १९५२ साली ही मुभा राहिली नाही. त्याच वर्षी उत्तर मुंबईच्या द्विसदस्य लोकसभा मतदारसंघात डॉ. आंबेडकरांचा पराभव झाला, हे सर्वश्रुत आहे. उलट बाजूने, १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागा अनुसूचित जमातींच्या उमेदवारांकडे गेल्या व व्ही. व्ही. गिरी यांना सर्वसाधारण जागा मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द केले. या निर्णयाने एक गुंता सुटला, परंतु दुसरा निर्माण झाला : आता एखादा भूप्रदेशच संपूर्णपणे राखीव ठरू लागला, आणि तो पुढील फेररचनेपर्यंत तसाच राहू लागला.

पुढील फेररचना लांबली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर बेतलेली मांडणी २००० नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली. कुटुंबनियोजनात पुढे गेलेल्या राज्यांना लोकसभेत तोटा होऊ नये, हे त्याचे सांगितले गेलेले कारण. ते कारण राज्याराज्यांमधील वाटणीला लागू पडते. एकाच राज्यातील मतदारसंघांच्या आपापसांतील सीमा गोठविण्यास मात्र त्यातून काहीच आधार मिळत नाही. घटनेच्या १७० व्या अनुच्छेदाला मतदारसंघाची लोकसंख्या व त्याच्या जागा यांचे प्रमाण शक्य तेथवर राज्यभर सारखे हवे आहे. १९७६ च्या दुरुस्तीने ती अपेक्षा पाव शतकाहून अधिक काळ बाजूस ठेवली. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने या चुकीचा अर्धा भाग निस्तरला. एकूण जागा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठलेल्याच ठेवल्या, पण राज्यांतर्गत सीमा नव्याने आखण्यास वाट मोकळी केली. त्यासाठी २००१ ची जनगणना घ्यावी, हे २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने ठरविले.

गोठवणुकीचा परिणाम मुंबईत सर्वांत स्पष्ट दिसतो. १९७१ साली मुंबई शहराची वस्ती सुमारे ३०.७ लाख व उपनगरांची २९ लाख होती. दोहोंना प्रत्येकी १७ जागा मिळाल्या, यात वावगे काही नव्हते. २००१ पर्यंत शहर ३३.४ लाखांवर आले, उपनगरे ८६.४ लाखांवर गेली. जागा मात्र १७ व १७ च राहिल्या. म्हणजे २००४ च्या निवडणुकीत शहरातील एक आमदार सरासरी १.९६ लाख लोकांचा होता आणि उपनगरातील ५.०८ लाखांचा. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात १३ जागांमागे ८१.३ लाख लोक, म्हणजे एका जागेमागे ६.२६ लाख. माझगावच्या मताचे वजन कल्याणच्या मतापेक्षा तिपटीहून अधिक व्हावे, असे कोणीही ठरविले नव्हते. ते आपोआप घडले, आणि म्हणूनच त्याचा जाब विचारण्यास कोणी सापडत नाही.

नव्या आदेशाने शहराला १०, उपनगरांना २६ व ठाण्याला २४ जागा दिल्या. शहराची सरासरी ३.३४ लाख झाली आणि उपनगरांची ३.३२ लाख. अंकगणित निर्दोष आहे. परंतु उमरखाडी, खेतवाडी, ऑपेरा हाऊस, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, परळ, नायगाव, दादर व माटुंगा ही दहा नावे विधानसभेच्या यादीतून एकाच वेळी गेली आणि भायखळा, वडाळा व सायन कोळीवाडा ही तीन आली. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव विरत गेले होते. त्याचा राजकीय दाखला २००८ मध्ये मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

कोकणाची बाजू मात्र इतकी सरळ नाही. रत्नागिरी व सिंधुदुर्ग मिळून ११ जागा होत्या, त्या ८ झाल्या. वेंगुर्ले, मालवण, देवगड, संगमेश्वर आणि खेड हे मतदारसंघ नाहीसे झाले. लोकसंख्येच्या नियमाने हे योग्यच ठरते. पण या जिल्ह्यांची लोकसंख्या कमी का दिसते? येथला कर्ता पुरुष मुंबईत वा ठाण्यात राहतो आणि त्याची मोजणीही तेथेच होते. घर, जमिनीचा सातबारा, म्हातारे आईबाप मात्र गावी. ज्या प्रदेशाने माणसे पुरविली त्याच्या जागा माणसे घेणाऱ्या प्रदेशाकडे गेल्या. मुंबई व ठाणे मिळून ४७ च्या जागी ६० आमदार आले. विदर्भाच्याही जागा ६६ वरून ६२ झाल्या. अनुशेषाचा प्रश्न ज्या विभागात धगधगत राहिला त्याचाच आवाज विधानसभेत आक्रसावा, ही तेथील तक्रार गणिताने खोडता येते, पण निकालात काढता येत नाही.

आयोगाच्या कार्यपद्धतीबद्दल एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. राज्यातून पाच लोकसभा सदस्य व पाच आमदार सहयोगी म्हणून घेतले जातात, पण त्यांना मताधिकार नसतो. आणि प्रसिद्ध झालेला आदेश न्यायालयात आव्हानास पात्र नसतो. हितसंबंधीयांना दूर ठेवण्याचा हा मार्ग प्रशंसनीय आहे. पण मग निर्णयामागील कारणे विस्ताराने देण्याचे दायित्व आयोगावरच येते. अमुक महसूल मंडळ या मतदारसंघातून त्या मतदारसंघात का घातले, याचे उत्तर आदेशाच्या यादीत शोधून सापडत नाही. हा या दस्तऐवजाचा मोठा दोष होय.

सर्वांत महत्त्वाचा बदल राखीव जागांचा आहे व त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. अनुसूचित जमातींच्या जागा २२ वरून २५ झाल्या. अनुसूचित जातींच्या मात्र १८ वरून २९. हे काही लोकसंख्यावाढीचे फळ नव्हे. १९५६ मध्ये नागपूर येथे धर्मांतर झाल्यावर बौद्ध झालेले लोक अनुसूचित जातींच्या गणनेतून बाहेर पडले. म्हणून १९७१ मध्ये राज्यात या जातींचे प्रमाण सुमारे ६ टक्के भरले आणि २८८ पैकी १८ जागा राखीव झाल्या. १९९० च्या दुरुस्तीने नवबौद्धांना पुन्हा त्या यादीत स्थान दिले. २००१ मध्ये प्रमाण १०.२ टक्के झाले. तरी गोठवणुकीमुळे जागा वाढण्यास २००९ उजाडावे लागले. मधली एकोणीस वर्षे कायद्याने मान्य झालेला समाज निवडणुकीला उभा राहू शकत होता, पण जागा मात्र त्याला वगळून मोजलेल्या होत्या. मतदारसंघाची सीमा नकाशावर आखली जाते खरी, पण त्याआधी ती जनगणनेच्या रकान्यात आखलेली असते, याचा याहून ठळक पुरावा नाही.

साधलेली समानता फार काळ टिकली नाही. २०११ च्या जनगणनेत राज्याची सरासरी एका जागेमागे ३.९० लाख आली. ठाणे जिल्हा ४.६१ लाखांवर पोचला, तर मुंबई शहर ३.०९ लाखांवर उतरले. रत्नागिरी व सिंधुदुर्ग यांची लोकसंख्या तर आधीच्या दशकापेक्षाही घटली होती. त्यांची सरासरी ३.०८ लाख. २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. मतदारसंघांच्या सीमा मात्र आहे तेथेच राहिल्या : २४ पैकी १८ ठाण्यात, ६ पालघरात.