खाण कोणी बंद केली?
‘स्मशानातील सोनं’ शिकवताना

अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा मी पदवीच्या वर्गाला अनेक वर्षे शिकवली. त्यातली बरीच वर्षे चुकीची शिकवली, हे आधीच कबूल करतो. मी आधी लेखक शिकवत असे आणि मग कथा. १ ऑगस्ट १९२० चा वाटेगावातला जन्म, मातंग समाजातले बालपण, दीड दिवसाची शाळा, मुंबईपर्यंतची पायपीट, १९४४ चे लाल बावटा कलापथक... तास रंगत जाई, मुले हळहळत. पण कथेपाशी येईपर्यंत त्यांचे मत बनलेले असे : सोसलेल्या माणसाने सोसलेले लिहून काढले. उत्तरपत्रिकांत ‘दाहक वास्तव’ हे शब्द हमखास येत. कथा कशी रचली आहे, याविषयी एक ओळही नसे. हळहळीच्या भरात आम्ही लेखकाचे लेखकपणच नाकारत होतो.

कथा थोडक्यात अशी. वारणेकाठचा धिप्पाड भीमा पोटासाठी मुंबईला येतो आणि उपनगरातल्या दगडाच्या खाणीत लागतो. खाण बंद पडते. त्या विवंचनेत असताना स्मशानातल्या राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते. मग तो राख चाळू लागतो, पुढे पुरलेली प्रेतेही उकरू लागतो. एका रात्री तो अशाच एका प्रेतावर टपलेल्या कोल्ह्यांशी झुंजतो आणि जिंकतो. मात्र तोंडातले सोने काढताना प्रेताचा जबडा मिटतो, बोटे अडकतात. जीव वाचतो, पण दोन बोटे कापावी लागतात. आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते.

वर्गात या कथेचा ठरलेला अर्थ निघे : पापाचे फळ मिळाले. मीही त्यात गरिबीची भर घालून पुढे जात असे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, “सर, पण खाण बंद कोणी केली?” वर्ग हसला. माझ्या टिपणवहीत उत्तर नव्हते. त्याचे वडील ज्या सूतगिरणीत होते ती त्याच वर्षी बंद पडली होती, हे मला नंतर समजले.

घरी जाऊन कथा पुन्हा वाचली. प्रश्नाचे उत्तर कथेत नाही, आणि ते नसणे हाच रचनेचा भाग आहे. कोल्ह्यांची झुंज लेखक सविस्तर रंगवतो. मेलेल्या माणसाची श्रीमंती आपल्याला कळते, त्याच्या तोंडातले सोनेही कळते. पण खाणमालकाला चेहरा नाही. खाण बंद होते आणि सुरू होते, या दोन्ही गोष्टी भीमापर्यंत नुसत्या घटना म्हणून पोचतात. जे समोर दिसते त्याच्याशी भीमा लढू शकतो. जे त्याचे आयुष्य ठरवते ते त्याला दिसतच नाही.

‘पाप आणि शिक्षा’ हा अर्थ इथेच कोसळतो. शिक्षाच सांगायची असती तर कथा बोटे तुटण्यापाशी संपली असती. अण्णा भाऊ एक पाऊल पुढे जातात. खाण आदल्या दिवशी सुरू झाली असती तर भीमा स्मशानात गेला नसता. हा शेवट योगायोगाचा, म्हणून बेतलेला वाटतो, असा आक्षेप हुशार विद्यार्थी घेतात. मला तो पटत नाही. योगायोग भीमाच्या बाजूने पाहिल्यावर दिसतो. मालकाच्या बाजूने तो नेहमीचा व्यवहार आहे. मजुराची भूक किती दिवस थांबू शकते, याचा हिशेब त्या व्यवहारात धरलेला नसतो.

आता मी मुलांना कथेतला हात शोधायला सांगतो. दगड फोडणारा, राख चाळणारा, माती उकरणारा आणि शेवटी निकामी झालेला हात. तो सापडला की मगच लेखकाकडे वळतो. १९५८ साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात अण्णा भाऊंनी शेषनागाची कल्पना बाजूला सारून पृथ्वी कष्टकऱ्यांच्या तळहातावर तोललेली आहे, असे सांगितले होते. कथा आधी वाचलेल्या मुलांना ही घोषणा वाटत नाही. त्या तळहाताची दोन बोटे गेलेली त्यांनी पाहिलेली असतात.

तरीही एक प्रश्न उरतो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीने विचारले, “ज्यांचं माणूस उकरलं, त्यांचं काय?” घरात नुकताच मृत्यू झालेला होता, हे तिच्या आवाजावरून कळत होते. मी भीमाची बाजू मांडायला गेलो नाही. कथेतली त्याची बायकोही या धंद्याला विरोध करते, ते संवाद तिलाच वाचायला सांगितले. तिने वाचले. वर्ग शांत होता. मग मागच्या बाकावरच्या त्या मुलाचा जुना प्रश्न मी फळ्यावर लिहिला आणि खाली तिचाही लिहिला. तेव्हापासून दरवर्षी हे दोन्ही प्रश्न फळ्यावर लिहून तास सुरू करतो.