लंगडची नक्कल

श्रीलाल शुक्ल यांची ‘राग दरबारी’ ही हिंदी कादंबरी १९६८ सालीं प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. तेव्हांपासून तिच्यावर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, आणखी कांहीं लिहिण्याचा आम्हांस धीर व्हावयास नको होता. परंतु नुकतीच ती पुन्हां वाचण्याचा योग आला, आणि पूर्वीं जेथें आम्ही पोट धरधरून हंसलों होतों तेथें या खेपेस हंसूं येईना. ग्रंथ तर बदललेला नाहीं. मग बदललें काय, याचा शोध घेतां घेतां हा लेख झाला आहे.

ज्यांनीं ही कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. उत्तरप्रदेशांतील शिवपालगंज नांवाच्या एका कल्पित गांवाची ही कथा आहे. गांवांत वैद्यजी म्हणून एक गृहस्थ आहेत. धंद्यानें ते वैद्य खरे. परंतु कॉलेजाची व्यवस्था त्यांच्या हातीं आहे, सहकारी संस्था त्यांच्या मुठींत आहे, आणि ग्रामपंचायतींतहि पुढें त्यांचाच माणूस बसतो. त्यांचा भाचा रंगनाथ हा इतिहासाचा संशोधक. प्रकृति सुधारण्यासाठीं तो शहरांतून मामाकडे येतो, आणि त्याच्या डोळ्यांनीं आपण हें गांव पाहतों. स्वराज्यानें खेड्याच्या दारीं आणून ठेवलेलें सर्व कांहीं येथें आहे: शाळा आहे, पोलिसठाणें आहे, सहकार आहे, निवडणूक आहे. ज्या कामासाठीं तें आणलें तेवढें मात्र त्यांतील कोणाकडूनहि होत नाहीं. सहकारी संस्थेचा गहूं घेऊन तिचा एक नोकर पसार होतो, तेव्हां संस्थेचें जें नुकसान झालें तें सरकारनें भरून द्यावें असा ठराव वैद्यजी शांतपणें मांडतात. ग्रंथकार एकदांहि आवाज चढवीत नाहींत. त्यांची सारी करामत या न चढलेल्या आवाजांत आहे.

परंतु आम्हांस बोलावयाचें आहे तें वैद्यजींविषयीं नव्हे. कादंबरीच्या कडेकडेनें एक लंगडा मनुष्य वावरत असतो. त्याला सगळे ‘लंगड’ म्हणूनच हांक मारतात. हा भाविक मनुष्य कबीर-दादूंचीं भजनें गाणारा. त्याला एका दिवाणी दाव्यासाठीं जुन्या निकालाची नक्कल हवी आहे. तहशिलींत तो अर्ज करतो. अर्जांत कांहीं उणें निघून तो फेटाळला जातो. तो दुसरा अर्ज करतो. नकला देणारा कारकून पांच रुपये मागतो. लंगडचें म्हणणें, चालू दर दोन रुपयांचा आहे. शब्दानें शब्द वाढतो, भोंवतालचे वकील मध्यस्थी करूं पाहतात, आणि शेवटीं दोघेहि हट्टास पेटतात. लंगड शपथ घेतो कीं, मी लांच देणार नाहीं, नक्कल घेईन ती कायद्यानें. कारकूनहि शपथ घेतो कीं, मी लांच घेणार नाहीं, नक्कल देईन ती कायद्यानेंच.

या प्रसंगाच्या तोडीचा प्रसंग भारतीय हास्यवाङ्मयांत आम्हांस तरी दुसरा आठवत नाहीं. लांच खाणारा कारकून ही थट्टेची जुनीच वस्तु आहे. परंतु लांच न खाण्याची शपथ घेऊन माणसाचा सूड उगवणारा कारकून हा शुक्लांचा शोध आहे, आणि तो केवळ विनोदाचा शोध नाहीं. कायद्यानें काम करणें ही येथें शिक्षा झाली आहे. पैसे मोजणारा आणि पैसे घेणारा यांच्यांत निदान एक नातें असतें, भले तें ओंगळ असो. दोघांनाहि एकमेकांची गरज असते. एकदां सर्व कांहीं नियमानुसार चालूं लागलें कीं, लंगडचा कोणाशींच संबंध उरत नाहीं. उरतात ते तारीख, रकाना आणि टेबल. आणि कायदा, जो दुर्बळाचें शेवटचें शस्त्र म्हणून आपण शाळेंत शिकलों, तोच त्याच्यावर चालविला जातो. कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या कोणासहि हें ठाऊक आहे. परंतु तें इतक्या नेमकेपणानें पकडण्यास कचेरी आंतून पाहिलेली असावी लागते. शुक्ल यांनीं ती पाहिली होती. ते उत्तरप्रदेश सरकारचे अधिकारी होते.

आतां आमची गोष्ट. कांहीं महिन्यांपूर्वीं एका तालुक्याच्या ठिकाणीं आम्हांस एका जुन्या फेरफाराची नक्कल हवी होती. आमच्यापुढें रांगेंत एक म्हातारी बाई होती; नवरा वारल्यानंतर वारसाच्या नोंदीसाठीं तिलाहि कसलीशी नक्कलच हवी होती, आणि तिची ही तिसरी खेप होती. ज्याच्यापाशीं दप्तरखान्याची किल्ली तो रजेवर, असें खिडकींतून सांगण्यांत आलें. आम्हांस एकदम लंगड आठवला आणि हंसूं आलें. म्हातारीनें वळून पाहिलें; ती हंसली नाहीं. पुढें योगायोगानें एक परिचित भेटले, त्यांनीं आंत कोणास तरी शब्द टाकला, किल्लीहि सांपडली, आणि दुपारच्या आंत आमची नक्कल आमच्या हातांत पडली. आम्हीं लांच दिली नाहीं, हें खरें. बाहेर पडतांना म्हातारी म्हणाली, “तुमचं झालं व्हय दादा?” आम्ही हो म्हणालों व चालूं लागलों.

घरीं येऊन आम्हीं कादंबरींतील तीं पानें काढलीं. वाचतांना ध्यानांत आलें कीं, लंगडला हंसणारे शिवपालगंजचे लोक व आम्ही यांत फारसें अंतर नाहीं. वैद्यजींच्या बैठकींत लंगडची हकीकत रंगवून सांगितली जाते. ऐकणाऱ्यांची करमणूक होते. ज्याला वैद्यजींचें दार उघडें आहे त्याला तहशिलींतील खिडकीपुढें उभें राहावें लागत नाहीं, म्हणून त्याला हंसणें परवडतें. रंगनाथासहि तें परवडतें. तो चिडतो, त्याला वाईटहि वाटतें. परंतु त्याच्या चिडण्यांतून होतें एवढेंच कीं, तो शेवटीं गांव सोडण्याच्या गोष्टी बोलूं लागतो. शुक्लांनीं रंगनाथास मुळींच क्षमा केलेली नाहीं, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें लक्षण होय. रंगनाथाच्या खांद्यावरून पाहणाऱ्या वाचकास मात्र त्यांनीं फार सहज सोडून दिलें आहे, अशी आमची तक्रार आहे.

आणखीहि एक तक्रार आहे. लंगड आपल्यास बाहेरूनच दिसतो. रात्रीं तो कोठें निजतो, दाव्यांत हरला तर त्याचें काय जाणार, याचा ग्रंथकार फारसा पाठपुरावा करीत नाहींत. त्याच्या हट्टाला त्यांनीं संताचा वेष चढविला आहे, आणि संत म्हटला म्हणजे त्याची भूक कोणी विचारीत नाहीं. टेबलाच्या पलीकडे बसलेल्या लेखकाची ही मर्यादा असावी. आपल्याकडेहि या प्रकारचें वाङ्मय बहुधा पलीकडूनच आलेलें आहे. प्रजेच्या आणि राज्यकर्त्यांच्या दोषांवर सडेतोड लिहिणारे लोकहितवादी कंपनी सरकारच्या नोकरींत होते; धरणग्रस्तांची परवड मांडणारी ‘झाडाझडती’ ही १९९१ सालची कादंबरी लिहिणारे विश्वास पाटील हेहि सरकारी अधिकारीच. ‘झाडाझडतीं’त हंसूं कमी, संताप फार; पण तेथें उठविलेल्या गांवाला निदान अनेक तोंडें आहेत. लंगडला बिचाऱ्याला एकच.

एकच तोंड, हा मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिवपालगंजांत माणसें नेहमीं जमलेलीं असतात: बैठकींत जमतात, जत्रेंत जमतात, भांग घोटण्यास जमतात. परंतु तहशिलींत अडलेला एक मनुष्य तहशिलींत अडलेल्या दुसऱ्यापाशीं बसून बोलला, असें आमच्या वाचनांत कोठें आलें नाहीं. लंगड एकटा आहे म्हणूनच तो विनोदी आहे. असे पन्नास लंगड एका रांगेंत उभे केले असते तर ग्रंथकारांस हा सूर ठेवणें कठीण गेलें असतें.

ही केवळ कल्पना नव्हे. कादंबरीनंतर पाव शतकानें शेजारच्याच राजस्थानांत तें घडलें. १९९० सालीं तेथें मजूर किसान शक्ति संघटना स्थापन झाली. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांस पुरी मजुरी मिळत नसे, आणि कागद मात्र सर्व चोख असत. त्यांनीं मागितलें काय? नकला! हजेरीपटाच्या, बिलांच्या, पावत्यांच्या नकला. १९९४ च्या डिसेंबरांत कोट किराना येथें पहिली जनसुनावणी झाली. सरकारी कागद गांवापुढें मोठ्यानें वाचले गेले, आणि जीं कामें झालीं नव्हतीं व जी मजुरी कोणास पोंचली नव्हती तिचा हिशेब ज्याचा त्याला कळूं लागला. १९९६ सालीं ब्यावर येथें या माणसांनीं चाळीस दिवस धरणें धरलें. त्या वाटेनें २००५ सालीं देशाचा माहितीच्या अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्रानें आपला कायदा त्याच्या आधींच केला होता. लंगड ज्यासाठीं एकटा झिजला तीच वस्तु इतरांनीं एकत्र बसून मागितली. शुक्लांस हें १९६८ सालीं दिसावयास हवें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. कादंबरी हा पंचांगाचा धंदा नव्हे. परंतु या देशांत असें कांहीं व्हावयाचेंच नाहीं, अशी जी थंड खात्री या कादंबरीच्या हंसण्यांत मुरलेली आहे, आणि जी पुढें तिच्या अनुकरणकर्त्यांनीं शहाणपण म्हणून मिरविली, ती खात्री खोटी ठरली एवढें नोंदविणें टीकाकाराचें काम आहे.

शुक्लांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे, आणि तें थोडें नाहीं. कायदा झाला, दहा रुपयांच्या फीवर तीस दिवसांत माहिती मिळण्याची सोय झाली, न मिळाल्यास पहिलें अपील, मग दुसरें. तें दुसरें अपील ज्यांनीं ऐकावयाचें त्या माहिती आयोगांच्या जागाच रिकाम्या राहूं लागल्या, आणि त्या वेळेवर भरा असें २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें. लांच न घेण्याची शपथ वाहिलेला कारकून हें वाचून समाधानानें मान डोलावील. त्याची युक्तीच आहे ती: नाहीं म्हणावयाचें नाहीं, नियमानें चालावयाचें.

म्हणून कादंबरींतील लंगडची अखेरची वार्ता आम्हीं या खेपेस दोनदां वाचली. त्याची नक्कल शेवटीं तयार होते. तशी सूचना कचेरीच्या फळ्यावर लावलीहि जाते. लंगड त्या वेळीं तेथें नसतो. मुदत सरते, आणि तयार झालेली नक्कल फाडून टाकली जाते. सारें नियमानुसार. पूर्वीं येथेंच आम्ही सर्वांत मोठ्यानें हंसलों होतों. ज्या कचेरींत आम्ही गेलों होतों तेथेंहि भिंतीवर असा एक फळा होता. त्यावर काय लिहिलें आहे हें पाहण्याची आम्हांस गरज पडली नाहीं. आणि त्या म्हातारीस वाचतां येत होतें कीं नाहीं, हें विचारण्याचें आम्हांस सुचलें नाहीं.