वेन शॉर्टर यांचा ‘नेटिव्ह डान्सर’ : फ्यूजन संगीतातील साथीचे मूल्य

प्रास्ताविक

जॅझ संगीताची रॉक, फंक आणि अन्य देशांतील संगीतपरंपरांशी सांगड घालणाऱ्या प्रवाहास १९७०च्या दशकात ‘फ्यूजन’ ही संज्ञा रूढ झाली. विद्युत वाद्यांचा वापर, गुंतागुंतीची लय आणि वादकाच्या तयारीचे प्रदर्शन ही या प्रवाहाची ठळक लक्षणे मानली जातात. अमेरिकन सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर (१९३३-२०२३) यांचा ‘नेटिव्ह डान्सर’ हा ध्वनिमुद्रित संग्रह या चौकटीत सहज बसत नाही. सप्टेंबर १९७४ मध्ये लॉस एंजेलिस येथे ध्वनिमुद्रित झालेला हा संग्रह कोलंबिया कंपनीने १९७५ मध्ये प्रकाशित केला. तो शॉर्टर यांच्या नावावर आहे. श्रोत्याचे लक्ष मात्र प्रथम ब्राझीलचे गायक-संगीतकार मिल्टन नॅसिमेंतो यांचा स्वर वेधून घेतो. या विसंगतीचा अर्थ काय, हा या संग्रहाच्या मूल्यमापनातील मध्यवर्ती प्रश्न होय.

पार्श्वभूमी

शॉर्टर १९६४ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात दाखल झाले, तेव्हापासूनच केवळ वादक म्हणून नव्हे तर रचनाकार म्हणूनही त्यांची ख्याती झाली. १९७० मध्ये जो झाविनुल व मिरोस्लाव्ह विटुश यांच्यासमवेत त्यांनी ‘वेदर रिपोर्ट’ हा वाद्यवृंद स्थापन केला. ‘नेटिव्ह डान्सर’च्या वेळी ते त्याच वृंदात कार्यरत होते.

नॅसिमेंतो यांचा जन्म १९४२ मध्ये रिओ दि जानेरो येथे झाला, परंतु ते मिनास जेराइस या अंतर्भागातील प्रांतात वाढले. लो बोर्जेस यांच्यासह त्यांनी १९७२ मध्ये सिद्ध केलेला ‘क्लुबे दा एस्किना’ हा संग्रह ब्राझीलच्या संगीतात मैलाचा दगड ठरला. १९६४ ते १९८५ या काळात ब्राझीलमध्ये लष्करी राजवट होती. १९७३च्या ‘मिलाग्री दुस पेइशिस’ या संग्रहातील काही गीतांच्या शब्दांना सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा नॅसिमेंतो यांनी ती निःशब्द स्वरांत गायिली. त्यांच्या शब्दरहित गायनामागे असा इतिहास आहे. त्यास केवळ अलंकरण समजणे योग्य नव्हे.

रचनांचे स्वरूप

संग्रहातील नऊ रचनांपैकी पाच नॅसिमेंतो यांच्या व तीन शॉर्टर यांच्या आहेत. उरलेली एक पियानोवादक हर्बी हॅनकॉक यांची असून ती त्यांनी ‘डेथ विश’ (१९७४) या चित्रपटास दिलेल्या संगीतातील आहे. वाग्नर तिझो, रोबर्टिन्यो सिल्वा आणि ऐर्तो मोरेरा या ब्राझिलियन वादकांचा सहभागही मोठा आहे. म्हणजेच शॉर्टर यांनी परकीय संगीतातील निवडक खुणा उचलून आपल्या रचनांत पेरल्या नाहीत. त्या संगीताचे रचनाकार व वादक यांनाच त्यांनी स्थान दिले.

‘पोन्ता दे आरेया’ ही आरंभीची रचना या दृष्टीने उद्बोधक आहे. फर्नांदो ब्रांत यांचे हे गीत मिनास प्रांतास बाहियाच्या किनाऱ्याशी जोडणाऱ्या आणि १९६६ मध्ये बंद पडलेल्या रेल्वेमार्गाविषयी आहे. त्याची साधी, पुनरावृत्त धून नऊ मात्रांत फिरते. परंतु हे गणित कानाला जाणवत नाही, इतका तिचा ओघ लोकगीतासारखा आहे. नॅसिमेंतो यांच्या उंच पट्टीतील आवाजाजवळ शॉर्टर यांचा सोप्रानो सॅक्सोफोन येतो, तो मोजके स्वर घेऊन. हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत सांगावयाचे तर ही जुगलबंदी नव्हे, साथ आहे. उत्तम साथीदार गायकाची जागा हिरावून घेत नाही. तो गायकाने मोकळी सोडलेली जागा ओळखतो. ‘लिलिया’मध्येही मानवी आवाज आणि वाद्य यांचे नाते याच जातीचे आहे.

मर्यादा

तथापि हा संग्रह निर्दोष नाही. ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधील फंकचा ठेका आणि ‘तार्दे’मधील संथ गायन शेजारी ठेवले असता दोन स्वतंत्र संग्रहांचे तुकडे जोडल्याचा भास होतो. हॅनकॉक यांची समारोपाची रचना मधुर असली तरी आधीच्या भावविश्वाशी तिचा संबंध क्षीण आहे.

याहून गंभीर प्रश्न अर्थाचा आहे. पोर्तुगीज न जाणणाऱ्या श्रोत्याच्या लेखी बंद पडलेली रेल्वे आणि तिच्यामागे ओस पडलेली गावे केवळ एका रम्य उदासीनतेत विरून जातात. ‘मिलाग्री दुस पेइशिस’चे ‘मिरॅकल ऑफ द फिशेस’ होताना शीर्षक समजते. त्यामागील सेन्सॉरशिपचा संदर्भ मात्र भाषांतरित होत नाही. संगीत सीमा ओलांडते हे विधान म्हणूनच अर्धसत्य ठरते. स्वर सीमा ओलांडतात, इतिहास बहुधा मागे राहतो.

समारोप

फ्यूजनचे मूल्यमापन किती घटक एकत्र आले यावरून करण्याची प्रथा आहे. ‘नेटिव्ह डान्सर’ वेगळा निकष सुचवितो : ज्याच्या नावावर संग्रह आहे त्याने दुसऱ्यासाठी किती जागा सोडली? या निकषावर शॉर्टर यांचे कार्य श्रेष्ठ ठरते. बाजारपेठ, भाषा आणि प्रसिद्धी यांचे बळ अमेरिकन कलावंताच्या बाजूस असताना त्यांनी आपले वाद्य साथीच्या भूमिकेत ठेवले. या संयमाने दोन संस्कृतींतील विषमता नाहीशी झाली नाही, परंतु ती विषमता संगीताच्या रचनेत शिरू दिली गेली नाही. संग्रहाचे स्थायी महत्त्व यातच आहे.