घडते चित्र आणि घडलेले चित्र : प्रभाकर बरवे यांच्या नित्य चित्रसाधनेचा एक विचार

प्रास्ताविक

मराठी कलासमीक्षेचा बहुतांश व्यवहार पूर्ण झालेल्या कलाकृतीशी आहे. चित्र भिंतीवर लागते, त्याखाली शीर्षक येते, वर्ष येते, आणि मग समीक्षक बोलू लागतो. या सवयीला आपल्या सौंदर्यशास्त्राचेही पाठबळ आहे. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या घाटाचा जो विचार मांडला, त्यात कलाकृती ही सिद्ध, स्वयंपूर्ण रचना म्हणून समोर असते. त्यांच्या ‘आत्मनिष्ठे’च्या कल्पनेत निर्मितीचा विचार येतो, पण तो निर्मात्याच्या प्रामाणिकपणाची कसोटी म्हणून येतो, रोजच्या कामाचे वर्णन म्हणून येत नाही. परिणामी चित्रकार सकाळी चित्रशाळेत शिरल्यापासून दिवे मालवीपर्यंत नेमके काय करतो, एखादे चित्र आठवडेच्या आठवडे अर्धे का राहते, आणि ते ‘झाले’ हे कोण व कसे ठरवतो, हे प्रश्न आपल्याकडे आठवणींच्या आणि मुलाखतींच्या प्रांतात ढकलले गेले. ते समीक्षेचे प्रश्न आहेत, ही प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. त्यासाठी चित्रकार प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण मुख्यत्वे घेतले असून वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या कार्यपद्धतीशी त्याची तुलना केली आहे.

‘रियाज’ या रूपकाची मर्यादा

चित्रकाराच्या नित्य कामाबद्दल बोलताना मराठीत ‘रियाज’ हा शब्द सहज वापरला जातो. हे रूपक संगीतातून आले आहे आणि ते जितके उजळते तितकेच झाकते. गायकाचा रियाज मैफलीची तयारी असतो. पहाटेचा खर्ज संध्याकाळच्या रागात विरघळतो, स्वतंत्रपणे शिल्लक राहत नाही. चित्रकाराचे तसे नाही. सोमवारी लावलेला रंग मंगळवारी तेथेच असतो. तो झाकता येतो, खरवडता येतो, पण झाला नाही असे म्हणता येत नाही. चित्रकाराच्या बाबतीत सराव आणि सादरीकरण एकाच पृष्ठभागावर घडतात. म्हणून ‘अपुरे चित्र’ ही केवळ उणीव नसते. ती चित्राची एक अवस्था असते आणि त्या अवस्थेला स्वतःचे ज्ञानमूल्य असते.

मराठवाड्यातील वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. अजिंठ्याचे चोविसाव्या क्रमांकाचे लेणे अपूर्ण आहे. सामान्य पर्यटक तेथे फारसा थांबत नाही. परंतु खोदकाम कोणत्या क्रमाने होत असे, खांब दगडातून कसे मोकळे केले जात, हे पूर्ण झालेल्या लेण्यांपेक्षा अशा अर्धवट लेण्यांतूनच अधिक स्पष्टपणे वाचता येते. वॉल्टर स्पिंक यांनी अजिंठ्याच्या कालक्रमाची जी मांडणी केली, तिच्यात अपूर्ण राहिलेल्या कामाचा पुरावा महत्त्वाचा आहे. पूर्ण कलाकृती आपली घडण झाकते. अपूर्ण कलाकृती ती सांगते. दगडाबाबत मान्य असलेला हा न्याय कॅनव्हासला लावण्यास हरकत नसावी.

नोकरी, नमुना आणि वही

बरवे यांचा जन्म रायगड जिल्ह्यातील नागावचा. सर ज. जी. कलाशाळेतून १९५९ मध्ये ते पदविका घेऊन बाहेर पडले आणि १९६१ ते १९८२ अशी सुमारे एकवीस वर्षे त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. त्यातील प्रारंभीची वर्षे बनारसला गेली. तेथे तांत्रिक प्रतीकांशी त्यांचा परिचय झाला व त्याचा ठसा साठच्या दशकातील चित्रांवर उमटला, हे सर्वज्ञात आहे. चरित्रपर लेखनात बनारसला जितके महत्त्व मिळते तितके नोकरीला मिळत नाही. नोकरी ही प्रतिभेच्या वाटेतील अडचण, असाच आपला समज असतो.

वास्तविक या नोकरीचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. हातमागासाठी नमुने तयार करताना एकच आकृती पुन्हापुन्हा मांडावी लागते. तिचे अंतर बदलायचे, रंग बदलायचे, शेजार बदलायचा, आणि प्रत्येक वेळी कापड वेगळे दिसते का ते पाहायचे. सत्तरच्या दशकापासून बरव्यांच्या चित्रांत जी वस्तुसृष्टी स्थिरावली, ती या दृष्टीने पाहता येते. पान, फळ, घड्याळ, पाकीट, ढग या रोजच्या परिचयाच्या वस्तू. त्या एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जातात, पण प्रत्येक ठिकाणी त्यांचे परस्परांशी असलेले नाते बदललेले असते. घड्याळ एका ठिकाणी काळ दाखवते, दुसऱ्या ठिकाणी केवळ एक वर्तुळ होऊन पानाच्या वक्रतेला उत्तर देते. नमुनाकाराच्या शिस्तीने त्यांच्या चित्रदृष्टीला आकार दिला, असा निष्कर्ष काढण्यास येथे जागा आहे. फरक एवढाच की कापडावरील आवर्तन डोळ्याला सुखावते, तर बरव्यांच्या चित्रातील पुनरागमन डोळ्याला थबकवते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट हाती येते. बरव्यांच्या बाबतीत ‘चालू असलेले काम’ एका कॅनव्हासच्या चौकटीत मावत नाही. ते दोन चित्रांच्या दरम्यान चालू असते. त्या दरम्यानच्या जागेचे नाव आहे वही. बरवे नित्यनेमाने दैनंदिनी लिहीत. २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’ हे त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा चित्रांबरोबर या वह्याही प्रेक्षकांसमोर आल्या. लहान रेखाटने आणि त्यांच्या शेजारी मराठीत लिहिलेले विचार असे त्यांचे स्वरूप आहे. अशा वहीत एखादी वस्तू प्रथम शब्द म्हणून येते, मग आकार म्हणून, आणि कधी पुन्हा शब्दाकडे परतते. तेथे निर्णय होण्यापूर्वीचा विचार सापडतो.

पृष्ठभागाचा प्रश्न

बरव्यांना वहीची गरज का भासावी? याचे एक उत्तर स्वभावात शोधता येईल. दुसरे, माझ्या मते अधिक समाधानकारक उत्तर त्यांच्या माध्यमात आहे. परिपक्व काळात त्यांनी कॅनव्हासवर इनॅमल रंगांचा वापर केला. दारे-खिडक्यांना लावला जाणारा हा रंग त्यांच्या हाती शांत, विस्तीर्ण अवकाश निर्माण करतो. ब्रशचा फटकारा, खरवडलेला थर, बदललेला बेत यांच्या खुणा तो फारशा मिरवत नाही. चित्रासमोर उभा राहिलेला प्रेक्षक वस्तू पाहतो, त्यांच्यामधील अंतर पाहतो. पण त्या अंतरापर्यंत पोचायला किती दिवस लागले, हे पृष्ठभाग सांगत नाही. घडण चित्रातून निघून वहीत गेली आहे.

गायतोंड्यांची पद्धत नेमकी उलट दिसते. रोलर आणि पॅलेट-नाइफ यांच्या साहाय्याने रंगाचे थर चढवणे, कागदाने ते टिपून उचलणे, पुन्हा चढवणे, अशा क्रमाने त्यांचे चित्र घडे. वर्षाला पाच-सहा कॅनव्हास, याहून अधिक ते सहसा करीत नसत. दिल्लीतील निजामुद्दीनच्या निवासस्थानी त्यांचा बराचसा वेळ रंग लावण्यात नव्हे, तर पाहण्यात व थांबण्यात जाई. त्यांनी बरव्यांप्रमाणे विचारांची वही मागे ठेवली नाही. ठेवण्याची आवश्यकताही नव्हती. प्रतीक्षेचा प्रत्येक टप्पा थराच्या रूपाने कॅनव्हासवरच नोंदला गेला आहे. १९८४ मधील अपघातानंतर मोठ्या कॅनव्हासवरील काम काही वर्षे थांबले, तेव्हा ते कागदावर शाईने लहान रेखाटने करू लागले. म्हणजे खंडाच्या काळातही नित्यक्रम तुटला नाही, त्याने माप बदलले. न्यू यॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये भरवलेल्या त्यांच्या प्रदर्शनाच्या शीर्षकातच चित्रकला ही प्रक्रिया व चित्रकला हे जीवन असे समीकरण होते, ते या अर्थाने सार्थ म्हणावे लागेल.

सारांश, एका चित्रकाराची प्रक्रिया पृष्ठभागावर आहे, तर दुसऱ्याची पृष्ठभागाबाहेर. दोघेही अल्पभाषी चित्रांचे निर्माते. परंतु ‘हे चित्र कसे झाले?’ या प्रश्नाचे उत्तर एका ठिकाणी नजरेने शोधायचे आहे आणि दुसऱ्या ठिकाणी वाचून.

वाचनातील धोका

येथेच सावध होणे आवश्यक आहे. बरव्यांचा ‘कोरा कॅनव्हास’ हा ग्रंथ १९९० मध्ये मौज प्रकाशनाने प्रसिद्ध केला. पुढे शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. चित्रकाराने मराठीत केलेले इतके आत्मपर आणि तरीही तात्त्विक लेखन विरळा आहे. या ग्रंथाने चित्रकाराला विचारवंताचा दर्जा मिळवून दिला, हे त्याचे यश. मात्र त्याच यशातून एक सवय जडली. बरव्यांच्या चित्राविषयी लिहिणारा अभ्यासक चित्रापाशी न जाता पुस्तकापाशी जातो, तेथील विधान उचलतो आणि चित्रावर चिकटवतो. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मोह विशेष होतो; कारण शब्द हे आपले माध्यम आहे व चित्र नाही.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. ‘कोरा कॅनव्हास’ हे लेखकाने निवडून, संस्कारून वाचकाच्या हाती दिलेले लेखन आहे. दैनंदिनी ही खाजगी कार्यशाळा आहे. एकात विचार निष्कर्षाला पोचलेला असतो, दुसरीत तो चाचपडत असतो. दोन्हींना एकाच पातळीवर ठेवून अवतरणे काढणे म्हणजे चाचपडण्यालाच सिद्धान्त ठरवणे होय. वहीतील एखादे वाक्य नंतरच्या चित्राने खोडून काढलेले असू शकते, आणि तसे असेल तर ते खोडणेच आपल्या अभ्यासाचा विषय ठरते. वही चित्राची किल्ली नव्हे. फार तर ती चित्राची अलीकडची बाजू आहे. पलीकडची बाजू पाहण्यासाठी चित्रासमोरच उभे राहावे लागते.

बीडच्या वाचकापुढील प्रश्न

आणि चित्रासमोर उभे राहणे हाच आपल्यापुढील खरा प्रश्न आहे. बीडहून मुंबईच्या जहांगीर कलादालनाचे अंतर सुमारे ४०० किलोमीटर आहे. अंबाजोगाई, परळी, आष्टी येथील विद्यार्थ्याला आधुनिक मराठी चित्रकारांची ओळख होते ती छापील प्रतिमेतून. बरव्यांचे चित्र छपाईत बऱ्यापैकी टिकते, कारण त्यातील आकारांचे संबंध पानावरही वाचता येतात. गायतोंड्यांचे चित्र छपाईत जवळजवळ मरते. थरांमधून येणारा प्रकाश कागदावर केवळ एक मळकट रंग होऊन उरतो. त्यामुळे ग्रामीण भागातील वाचकाला बरवे ‘कळले’ आणि गायतोंडे ‘दुर्बोध’ वाटले, तर तो त्याच्या रसिकतेचा दोष नव्हे. सुधीर पटवर्धन यांनी पुढाकार घेऊन समकालीन चित्रांचे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांत नेले होते, त्यामागची जाणीव हीच असावी.

पटवर्धनांचा उल्लेख आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत त्यांनी तीस वर्षे चित्रे काढली आणि २००५ पासून पूर्णवेळ चित्रकला स्वीकारली. बरव्यांची नोकरी, पटवर्धनांचा वैद्यकीय व्यवसाय ही उदाहरणे आपल्या जिल्ह्यातील कलाशिक्षकाला जवळची आहेत. शाळेची घंटा, मूल्यमापनाची कामे आणि संसार यांतून उरलेल्या दोन तासांत जो रंग कालवतो, त्याला आपण ‘हौशी’ म्हणतो. बरव्यांच्या उदाहरणावरून असे दिसते की उरलेला वेळ नियमित असेल आणि त्याची नोंद होत असेल, तर तो उरलेला राहत नाही. एका दिवसाचे अपुरे काम दुसऱ्या दिवसाला विषय पुरवते. नित्यतेचे मूल्य वेळेच्या प्रमाणात नसून या दुव्यात आहे.

आपली परीक्षापद्धती मात्र नेमका हा दुवा तोडते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांनी गावोगावच्या मुलांच्या हाती ब्रश दिला, हे त्यांचे ऋण निर्विवाद आहे. परंतु ठरलेल्या तासांत पूर्ण केलेला कागद जमा करायचा आणि त्यावर श्रेणी मिळवायची, या रचनेत आदल्या दिवसाच्या चुकीला स्थान नाही. पुसलेली रेषा तेथे दोष ठरते. विद्यार्थ्याने वर्षभर राखलेली वही, तिच्यातील सोडून दिलेले बेत, एकाच झाडाची दहा रेखाटने यांना अंतर्गत मूल्यमापनात थोडे जरी स्थान मिळाले, तरी चित्रकला ही निकालाची नव्हे, निर्णयांची कला आहे हे त्याला उमगेल. निबंधलेखनाबाबतही हेच म्हणता येईल. आपण विद्यार्थ्यांचे कच्चे खर्डे कधी वाचतो?

समारोप

डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईतील लिलावात गायतोंड्यांच्या एका चित्राला २३ कोटी रुपयांहून अधिक किंमत आली, तेव्हा वर्तमानपत्रांनी चित्रकलेची दखल घेतली. बाजार पूर्ण झालेल्या वस्तूचीच किंमत करू शकतो. प्रतीक्षेची किंमत त्याला करता येत नाही. ती करणे हे समीक्षेचे काम आहे. त्यासाठी समीक्षकाला आपल्या प्रश्नांचा क्रम बदलावा लागेल. ‘या चित्राचा अर्थ काय?’ असे विचारण्याआधी ‘या चित्राची घडण कोठे ठेवली आहे, पृष्ठभागावर की वहीत?’ असे विचारावे लागेल. बरव्यांच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याला वहीपर्यंत नेतो आणि तेथून परत चित्रापाशी आणून सोडतो. कोरा कॅनव्हास खऱ्या अर्थाने कधीच कोरा नसतो; त्यावर कालच्या वहीचे सावट असते. ते सावट वाचायला शिकणे आणि तरीही त्याला चित्र न समजणे, एवढे तारतम्य आपल्या अध्यापनात आले, तर बीडसारख्या ठिकाणीही कलासमीक्षेला स्वतःचे काम सापडेल.