वाचकाने मागितलेले पुराण

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव निघाले की मराठी भाषेच्या स्तुतीच्या त्यांच्या ओव्या आपल्या ओठांवर येतात. सभासंमेलनांतून त्या हटकून म्हटल्या जातात. परंतु ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे ११,००० ओव्या आहेत. त्यांतील मूठभर ओव्यांचा गौरव करून उरलेला ग्रंथ मिटून ठेवणे, हा कवीचा सन्मान नव्हे.

हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळणारी असल्याचे नमूद केले. पुराण छापून निघाले ते १६१६ साली, राचोल येथे. मधली अनेक वर्षे ते साष्टीत धर्मसेवा करीत होते. ती वर्षे ऐकण्याची आणि वाचण्याची होती. संतकवींची ओवी कानात मुरल्यावाचून अशी ओवी हातून उतरत नाही. म्हणूनच ‘वैकुंठ’, ‘मोक्ष’ हे शब्द त्यांच्या काव्यात उसने वाटत नाहीत.

ग्रंथाचा उगम त्याहून मोलाचा आहे. कवी आरंभीच सांगतात की, एका ख्रिस्ती ब्राह्मणाने धर्मगुरूंपुढे गाऱ्हाणे मांडले: जुनी पुराणे वाचण्यास मनाई झाली, तर त्यांच्या जागी आम्हांस वाचावयास काही द्या. या मागणीत नव्या श्रद्धेची भूक आहे, तसे हिरावलेल्या ग्रंथांचे दुःखही आहे. फादर स्टीफन्स यांनी ते दुःख ओळखले. केवळ प्रश्नोत्तरी देऊन ते थांबले नाहीत; त्यांनी पुराणाच्या जागी पुराणच दिले. १६०८ साली तर इथल्या लिपीचे खिळे पाडण्याची परवानगी त्यांनी संघप्रमुखांकडे मागितली होती. तरी ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपीत.

काव्य सर्वत्र सारखे सरस नाही. ‘पहिल्या पुराणा’त उपदेश अनेकदा कथेची वाट अडवतो, आणि अन्य धर्मीयांच्या दैवतांविषयीचे काही उद्गार आज खटकतात. परंतु ‘दुसऱ्या पुराणा’त, प्रभूच्या जीवनाशी येताच, पंडित मागे सरतो आणि कथेकरी पुढे येतो.

हे पुराण तगले ते श्रोत्यांमुळे. १६८४ साली गोव्यात स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान निघाले. तरी हस्तलिखितांच्या आधारे कानडा किनाऱ्यावरील घराघरांत ते वाचले आणि गायले जात राहिले. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी, तर १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत ते पुन्हा प्रसिद्ध केले.

ज्या ग्रंथाचा जन्म वाचकाच्या मागणीतून झाला, त्याचे ऋण वाचूनच फिटेल. उपवासकाळातील एका संध्याकाळी, जपमाळेनंतर, घरातील वडीलधाऱ्यांनी एक ‘अवस्वरू’ मोठ्याने वाचावा. काही शब्द अडतील. अर्थ मात्र ओवीच्या चालीबरोबर उलगडत जाईल.