लक्ष्मीच्या गालावरचे ठिपके

बारामती-इंदापूरकडच्या जुन्या घरांत रविवर्म्यांची लक्ष्मी अजून देवघराच्या भिंतीवर भेटते. तिला रोज उदबत्ती ओवाळली जाते, पण चित्र म्हणून तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. समीक्षकांनी तर तिला कॅलेंडरातली देवी ठरवून कधीच निकालात काढले. मला हे मान्य नाही. छापील चित्र म्हणजे मूळ तैलचित्राची गरीब नक्कल, हा समज आधी सोडला पाहिजे.

राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो पुणे जिल्ह्यातच, लोणावळ्याजवळ मळवलीला आला. तिथली रीत शिळाछापाची. चुनखडीच्या घोटीव शिळेवर तेलकट शाईने चित्र उतरवायचे आणि शिळा ओली करायची. मग छपाईची शाई ओल्या जागी बसत नाही, तेलकट जागीच धरते. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा.

भिंग घेऊन लक्ष्मीचा गाल पाहा. लांबून सलग दिसणारी कांती जवळून ठिपक्यांची निघते: गुलाबी, पिवळसर, तपकिरी. कुठे दाट, कुठे विरळ, आणि दोन ठिपके एकसारखे नाहीत, कारण ते कारागिराने शिळेवर हाताने काढले आहेत. तैलचित्रात सावली रंगात रंग मिसळून साधते. इथे रंगावर रंग चढतो आणि उरलेली मिसळ पाहणाऱ्याचा डोळा करतो. एखादी शिळा केसभर सरकली, की ओठांचा लाल ओठांबाहेर जातो. अशी एक फसलेली प्रत पाहिली, की नीट जुळलेल्या प्रतीमागचे कष्ट कळतात.

मूळ तैलरंग कसे बोलतात हे पाहायला सातारा जिल्ह्यातल्या औंधला जावे. तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात रविवर्म्यांची अस्सल चित्रे आहेत. तैलरंगाच्या थराला स्वतःची जाडी आणि ओलसर चमक असते. कागदावर ती आणायला छपाईवाल्यांनी वार्निश चढवले, काही प्रतींवर तर कॅनव्हासचा पोतही उठवला.

नंतर शिळेच्या जागी ब्लॉक आणि ऑफसेटची छपाई आली. चित्रकार रघुवीर मुळगावकरांच्या देवदेवता घरोघर गेल्या त्या याच वाटेने. त्यांच्या कॅलेंडरावर भिंग धरले तर ठिपके ठरल्या कोनात, ओळीने दिसतात. ते हाताचे नव्हे, छपाईच्या जाळीचे काम. मुळगावकरांची मऊ तकाकी त्यात थोडी बोथट होते, असे मला वाटते. चित्रकार दीनानाथ दलालांची ठाम रेषा आणि सपाट रंग मात्र छपाईत तगले.

अशा छपाईला लागणारा कोटेड कागद इंदापूर तालुक्यातच, भिगवणला तयार होतो. तरी छापील चित्र पाहायचे कसे, हे शिकवायचे राहूनच गेले. एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसणारी मुले स्थिरचित्र, संकल्पचित्र घोटतात. त्यांच्या हाती एक जुनी प्रत आणि एक भिंग द्यायला खर्च तो कितीसा?

आणि या जुन्या प्रती झपाट्याने संपताहेत. धुराने वार्निश पिवळे पडते, ओलीने कागदावर डाग उमटतात, वाडा पाडताना चित्र रद्दीत जाते, नाहीतर त्याच फ्रेममध्ये चकचकीत डिजिटल प्रिंट बसते. घरात जुनी प्रत असेल तर ती उन्हाच्या आणि ओलीच्या भिंतीवरून हलवा. मागची कुजकी फळी बदला, काच आणि कागद यांच्यात फट राहील असे बघा. कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका. तो जाणकाराकडूनच सोडवून घ्या.