मागणीबरहुकूम चित्रे: रावबहादूर धुरंधरांविषयी

पोटासाठी काढलेले चित्र आणि कलेसाठी काढलेले चित्र यांच्यात आपल्याकडे एक सोवळेओवळे पाळले जाते. पुस्तकातली चित्रे, टपालाची कार्डे, जाहिराती, पैसे घेऊन काढलेली व्यक्तिचित्रे ही सारी ओवळ्यात जमा. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर (1867–1944) यांच्या वाट्याला हा न्याय पुरेपूर आला. ‘कथा सांगणारा, साहेबाच्या पुस्तकांना चित्रे पुरवणारा’ असे म्हणून त्यांची बोळवण करणे सोपे असते. आम्हांला हा न्याय मान्य नाही, आणि त्याची कारणे त्यांच्या मोठ्या चित्रांपेक्षा लहान चित्रांतच सापडतात.

धुरंधर मूळचे कोल्हापूरचे. 1890 मध्ये ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून आले आणि पुढे तेथेच शिक्षक होऊन 1931 पर्यंत राहिले. त्यांच्या आत्मकथनाचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे. 1895 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. पदके, पदव्या यांची यादी येथे वाढवीत नाही.

ऑटो रॉथफेल्ड या सनदी अधिकाऱ्याचे भारतीय स्त्रियांविषयीचे इंग्रजी पुस्तक 1920 मध्ये निघाले. त्यात धुरंधरांची 48 रंगीत चित्रे आहेत. लेखकाची दृष्टी राज्यकर्त्याची आहे. जात, प्रांत, धर्म यांनुसार स्त्रियांचे नमुने मांडावेत, जणू संग्रहालयातील कपाटे लावावीत, असा त्याचा खाक्या. चित्रकारालाही कामगिरी तीच दिली होती: नमुना दाखवा. पण ही चित्रे मजकूर बाजूला ठेवून पाहावीत. कोळीण असो, भिल्ल मुलगी असो की अहमदाबादची रंगारीण, धुरंधरांनी वस्त्राची ठेवण आणि उभे राहण्याची ढब इतकी निरखून घेतली आहे की ‘नमुना’ हा शब्द आपोआप गळून पडतो आणि समोर एक बाई उरते. तिला आपले काम आहे आणि आपण बघतो आहोत याची तिला फारशी पर्वा नाही. मजकूर आज जुना झाला आहे, क्वचित चीडही आणतो. चित्रे तशी झालेली नाहीत. मागणी साहेबाची होती, नजर मात्र धुरंधरांनी आपलीच ठेवली.

तीच गोष्ट किंकेडच्या 1914 सालच्या पुस्तकाची. आपल्या आज्या वाराच्या, व्रताच्या ज्या कहाण्या सांगत, त्या या न्यायाधीशाने इंग्रजीत नेल्या. चित्रे काढायला त्या कहाण्यांच्या घरातलाच माणूस मिळाला, हे पुस्तकाचे भाग्य. मुंबईच्या रस्त्यावरची माणसे दाखवणारी त्यांची टपालकार्डे तर आम्हांला विशेष प्रिय आहेत. त्यांत थट्टा आहे, पण तुच्छता नाही.

याउलट पौराणिक प्रसंगांची त्यांची मोठी तैलचित्रे आम्हांला तितकी पटत नाहीत. तेथे राजा रविवर्म्याची छाया पडते, माणसे नाटक कंपनीतल्यासारखी हात उंचावून उभी राहतात. शिवचरित्रावरील चित्रांत दरबाराची आणि मिरवणुकीची मांडणी भव्य आहे. डोळा मात्र कडेच्या गर्दीतल्या एखाद्या चेहऱ्यावरच रेंगाळतो. मोठ्या कॅनव्हासवरही धुरंधर लहान जागेतच खुलतात.

व्यक्तिचित्रांविषयी एक आक्षेप नेहमी येतो: पैसे देणाऱ्याचा चेहरा रंगवणारा खरे कसे रंगवील? आपल्या घरांत येशूच्या पवित्र हृदयाची जी तसबीर असते, तिचे मूळ रूप अठराव्या शतकात पोंपेओ बातोनी याने रंगवले. ते रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे. हा बातोनी रोमला येणाऱ्या इंग्रज श्रीमंतांची व्यक्तिचित्रे काढून पोट भरीत असे. त्या तसबिरीपुढे गुडघे टेकताना त्याचा हिशेब आपण कधी मागितला आहे काय?

फार दूर जायलाही नको. पुंडलिकनगरातून सकाळी निघालेला माणूस दुपारच्या आत अजिंठ्याला पोहोचतो. सोळाव्या क्रमांकाचे लेणे वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने करविले, हे तेथील शिलालेखात कोरलेले आहे. दात्याचे नाव आहे, चित्रकाराचे नाही. तेही काम मागणीबरहुकूमच. याच चित्रांच्या नकला जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करून घेतल्या. त्यांतल्या कितीतरी 1885 मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. धुरंधर शाळेत आले तेव्हा मुख्य हेच ग्रिफिथ्स होते. त्यांच्या हाताखाली पाहून पाहून काढण्याची जी शिस्त लागली, ती धुरंधरांनी पुढे जन्मभर सांभाळली.

त्या शाळेने त्यांना काय दिले? 1930 मध्ये, चार दशकांच्या सहवासानंतर, संचालकाच्या खुर्चीवर हंगामी नेमणूक. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. रावबहादूर हा किताब सरकारने 1927 मध्येच दिला होता. किताब देणे स्वस्त, अधिकार देणे महाग, हे त्या राजवटीचे गणित येथे उघडे पडते. आत्मकथनात या बाबतीत अधिक कडवट होण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, असे आम्हांला वाटते.

धुरंधर 1931 मध्ये कलाशाळेतून बाहेर पडले. त्याच वर्षी त्यांची कन्या अंबिका त्याच शाळेची पदविका घेऊन चित्रकार झाली. तिच्या आठवणी ‘माझी स्मरणचित्रे’ या नावाने पुस्तकरूपात आल्या आहेत. वडिलांचे आत्मकथन हाती असेल त्याने ते पुस्तकही शेजारी ठेवून वाचावे.